एरर कुणाच्या नावावर

त्या दिवशी सकाळी मैदानावर पोचले आणि माझं पहिलं भांडण मुरमावरून झालं.

सोलापुरातल्या एका शाळेचं मैदान होतं. विभागाच्या शालेय मुलींच्या सॉफ्टबॉल संघाची निवड तिथल्या सामन्यांवरून व्हायची होती आणि त्या दिवशी शेवटचा सामना होता. आदल्या संध्याकाळपर्यंत मैदान ठीक होतं, म्हणजे आमच्याकडं मैदान जेवढं ठीक असतं तेवढं. सकाळी बघते तर दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या पट्ट्यात, तिथले चेंडू अडवणारी शॉर्टस्टॉप उभी राहते नेमकी तिथं, मुरमाचे खडे पसरलेले. बक्षीस समारंभाच्या पाहुण्यांची गाडी फाटकातून थेट मंडपापर्यंत यावी, काळ्या मातीत चाक रुतू नये, म्हणून ट्रॉली आणून ओतली होती. वळताना निम्मा मुरूम मैदानात सांडला होता आणि तो तसाच पडला होता.

"हे आधी उचलून घ्या," मी म्हटलं. "इथं मुली खेळणार आहेत."

स्पर्धा भरवणाऱ्यांचे सचिव तिथंच उभे होते. पांढरा सफारी, छातीवर बिल्ला. म्हणाले, "चार खडे आहेत मॅडम. सॉफ्टबॉल आहे, गोट्या नाहीत." आणि आपल्याच विनोदावर हसले.

झाडू मारणारी माणसं मंडपात खुर्च्या पुसत होती. शेवटी मुलींनीच बुटांनी जमेल तेवढे खडे कडेला ढकलले. जे मातीत अर्धे रुतले होते ते राहिले. खेळ न माहिती असणाऱ्यांसाठी सांगते, नावात सॉफ्ट असलं तरी तो चेंडू मऊ नसतो. कातड्याचा, मोठा, टणक असतो. बॅटवरून सुटला की जमिनीला घासत येतो आणि बोटांची हाडं मोडतो.

मी त्या सामन्यांची स्कोअरर होते. हा माझा धंदा नव्हे. मार्केट यार्डाजवळ आमचं सरकी पेंडीचं दुकान आहे, दिवसाचा बराच वेळ मी गल्ल्यावर असते. पण लग्नाआधी मी विद्यापीठाच्या संघात कॅचर होते. मैदानावरच्या बाकी सगळ्या मुली बॅटकडं बघत असतात, कॅचर तेवढी उलट्या बाजूनं, सगळ्यांकडं तोंड करून बसते. लग्न झालं आणि खेळ सुटला. कुणी बंद केला असं नाही. पण सुनेनं गुडघ्यांना पॅड बांधून धुळीत बसावं, असंही कुणी म्हणालं नाही. काही वर्षांनी पुण्यात स्कोअरिंगचा वर्ग भरणार असल्याचं कळलं, तेव्हा घरात भांडून गेले आणि परीक्षा देऊन आले. मैदानावर परत जायला मला तेवढी एकच वाट दिसत होती.

स्कोअरर म्हणजे धावा मोजणारी बाई असं लोकांना वाटतं. धावा तर फाटकाबाहेरचा चहावालाही मोजतो. मुलगी बॅट फिरवते, चेंडू जातो, समोरच्यांचा थ्रो पहिल्या बेसवर यायच्या आत ती पळत तिथं सुखरूप पोचते. अंपायर हात पसरून 'सेफ' म्हणतो आणि त्याचं काम तिथं संपतं. पण ती पोचली कशामुळं? आपल्या फटक्याच्या जोरावर पोचली, तर तिच्या नावावर हिट लागते. समोरच्या मुलीनं हातातला चेंडू घालवला म्हणून पोचली, तर त्या समोरच्या मुलीच्या नावावर एरर. हे ठरवायचं स्कोअररनं. नियम एवढंच विचारतो, की तिच्या जागी कुठलीही बऱ्यापैकी तयार खेळाडू असती, तर तिनं तो चेंडू नेहमीच्या कष्टात घेतला असता का? घेतला असता, तर एरर. नसता, तर हिट. वाचायला एका ओळीचं काम. मैदानात मात्र चेंडू उन्हात हरवतो, दोघींच्या मधोमध पडतो, एकीच्या बोटांना चाटून जातो, आणि दर वेळी कुणाच्या तरी नावावर काहीतरी लिहावं लागतं. दोन्हीकडचे पालक तुमच्या मानेमागं उभे असतात.

निवडीवरून आमच्याकडं दर वर्षी बोंब व्हायची. याची भाची, त्याची पुतणी. राज्य पातळीवर खेळलं की दहावीला वाढीव गुण मिळतात, पुढं नोकरीत खेळाडूंच्या जागा असतात, त्यामुळं हा प्रश्न नुसत्या खेळाचा राहत नाही. त्या वर्षी सामन्यांच्या आधीच्या बैठकीत मीच उठून बोलले. म्हटलं, आकड्यांवर निवड करा. प्रत्येक जागेसाठी ज्या मुलीच्या एरर कमी ती पुढं, एरर सारख्या असतील तर जिच्या हिट जास्त ती. सचिवांनी टेबलावर थाप मारून मान्य केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आता आठवलं की हात चोळावेसे वाटतात.

शॉर्टस्टॉपच्या जागेसाठी दोघीजणी होत्या. एक शहरातली. तिच्या वडिलांचा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलांचा कारखाना, आणि स्पर्धेचा मंडप, जेवण, चषक सगळं त्यांच्याकडून. एवढं ऐकलं की माणसं पुढची गोष्ट आपणच रचतात, म्हणून सांगते, मुलगी खेळायला खरोखर चांगली होती. पाय हलके, डोकं थंड.

दुसरी मोहोळकडच्या एका खेड्यातली. घरी मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन. तिचा हात असा, की तिसऱ्या बेसच्या मागून फेकलेला चेंडू पहिल्या बेसवरच्या मुलीच्या ग्लोव्हमध्ये फाट्कन वाजायचा. तो आवाज ऐकला की मंडपातलं कुणीतरी हमखास म्हणायचं, "मेंढरामागं दगड मारून मारून हात झालाय." या वाक्याची मला चीड आहे. त्या मुलीनं शाळेच्या भिंतीवर रोज चेंडू मारून भिंतीचा गिलावा पाडला होता आणि मुख्याध्यापकांची बोलणी खाल्ली होती. शहरातल्या मुलीनं केला की तो सराव, हिनं केला की मेंढरं!

शेवटचा सामना नेमका या दोघींच्या संघांमध्ये होता. तोवर कारखानदारांच्या मुलीच्या नावावर एक एरर होती. मोहोळकडच्या मुलीच्या नावावर एकही नव्हती, आणि हिटही तिच्याच जास्त होत्या.

सामना सुरू होऊन थोडा वेळ झाला असेल. मोहोळच्या मुलीकडं सोपा चेंडू आला. छातीसमोर, दोन टप्प्यांत. तिनं तो उचलला, वेळही भरपूर होता, आणि काय झालं कोण जाणे, थ्रो पहिल्या बेसवरच्या मुलीच्या डोक्यावरून कुंपणापर्यंत गेला. यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. मी एरर लिहिली.

इनिंग संपल्यावर तिचे क्रीडाशिक्षक माझ्या टेबलापाशी आले. उन्हानं रापलेले, गळ्यात शिटी, सगळा संघ पहाटेच्या एसटीनं घेऊन आलेले.

"म्याडम, लेकरू पाटं उटून आलंय. तेवडी एरर नका लिवू की."

"सर, चेंडू सोपा होता. थ्रो डोक्यावरून गेला."

"आवो पन बघतंय कोन?"

"मी बघतेय ना."

ते आपल्या मुलींकडं परत गेले. त्यांचं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण आज दयेनं खोडलं, तर उद्या दबावानं खोडायला कुठल्या तोंडानं नाही म्हणायचं?

पुढच्याच इनिंगमध्ये कारखानदारांच्या मुलीनं डावीकडं उंच फटका मारला. तिथं उभी असलेली मोहोळच्या संघातली दुसरी एक मुलगी चेंडूखाली नीट गेली, हात वर केला आणि तशीच थिजली. सूर्य तिच्या डोळ्यात होता. चेंडू तिच्या मागं, हातभर अंतरावर पडला. तिचा हातसुद्धा लागला नाही. बघणाऱ्याला वाटतं, केवढी मोठी चूक! पण उन्हात हरवलेला, हातही न लागलेला चेंडू एरर धरत नाहीत. मी हिट लिहिली. फळ्यावर हिटचा आकडा बदलला तसे ते क्रीडाशिक्षक मैदानाच्या पलीकडून ओरडले, "मोठ्याची पोरगी म्हनल्यावर हिट व्हय! बघा, बघा रं! तुमी बी त्यातल्याच म्याडम!"

शंभर माणसांसमोर. मी पेन्सिल इतकी दाबली की टोक मोडलं. उठून जाऊन त्यांना नियम सांगावा असं वाटलं, पण पुढचा चेंडू पडत होता आणि स्कोअररला उठता येत नाही. बसून राहिले. कान तापले होते.

मग ते घडलं. कारखानदारांची मुलगी दुसऱ्या बेसवर रनर होती. शहराच्या एका दांडग्या मुलीनं चेंडू जमिनीलगत कडकडून मारला, सरळ शॉर्टस्टॉपकडं. मोहोळची मुलगी बरोबर त्याच्या रेषेत आली. गुडघे वाकलेले, ग्लोव्ह जमिनीला टेकलेला, शिकवायला उभं करावं अशी. चेंडू तिच्यापासून एका ढांगेवर खड्यावर आपटला आणि सरळ वर उसळून तिच्या तोंडावर बसला.

आवाज टेबलापर्यंत आला. ती खाली बसली. रनर पळता पळता तिच्याजवळ थबकली, वाकून बघायला लागली, तेवढ्यात तिचे प्रशिक्षक ओरडले, "पळ! बघतेस काय!" तशी ती तिसऱ्या बेसवर गेली. आणि ही, तोंडातून रक्त गळत असलेली, चाचपडत चेंडू शोधून गुडघ्यावरूनच पहिल्या बेसकडं फेकते! थ्रो सरळ गेला, पण उशिरा. अंपायरनं सेफ दिलं आणि खेळ थांबवला.

मी हिट लिहिली आणि धावले. खालचा ओठ फाटला होता. दात शाबूत होते. प्रथमोपचाराच्या पेटीची किल्ली ज्यांच्याकडं होती ते पाहुण्यांना आणायला गेले होते. मंडपाच्या मागं टपात बर्फ होता, थंड पेयांच्या बाटल्या त्यात बुडवलेल्या. मी ओढणीच्या टोकात बर्फ घ्यायला लागले तर तिथला कार्यकर्ता म्हणाला, "अहो, ते पाहुण्यांसाठी आहे."

त्याला मी काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

ओढणीचं टोक फाडून त्यात बांधलेला बर्फ मुलीनं ओठाला धरला. रडली नाही. बोलताना शब्द धड फुटत नव्हते, तरी आपल्या सरांना म्हणत होती, "मी खेळती. मला काडू नका." अंपायरनं नको म्हटलं. तिला बाहेर बसवलं.

मी टेबलाशी परतले तर सचिव माझ्या खुर्चीमागं उभे. फळ्याकडं बोट केलं.

"हिट कशी काय?"

"चेंडू खड्यावर उसळला. तिला संधीच नव्हती."

"अहो, सरळ अंगावर आला होता. तिनं घ्यायला हवा होता. एरर लिहा."

"तोंडावर लागलाय तिच्या."

"तेच म्हणतोय. तोंडावर लागला म्हणजे हातात घेता आला नाही. मग एरर कुणाची?"

जो खडा उचला म्हणून मी सकाळी सांगितलं, जो यांच्या पाहुण्यांच्या गाडीसाठी आला, त्यानं तिचा ओठ फाडला, आणि आता हा माणूस म्हणत होता की चूक तिच्या नावावर लिहा.

"एरर तुमची," मी म्हटलं. "पण तुमच्या नावाचा रकाना नाही इथं."

त्यांचा चेहरा उतरला नाही. अशा माणसांचा उतरत नाही. ते हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, तुम्ही हौशी माणूस. घर, दुकान सांभाळून येता, आम्हाला कौतुक आहे. एवढंसं काहीतरी ताणू नका." आणि खांद्यावर हात ठेवल्यासारखं करून गेले.

'एवढंसं'! दोघींच्या नावावर एकेक एरर, हिट मोहोळच्या मुलीच्या जास्त, आणि कागदावर हे एक अक्षर. त्यानं एक मुलगी संघात जाते आणि एक घरी बसते, म्हणून तर ते बदलून हवं होतं. खरंच एवढंसं असतं तर त्यांनी उन्हात मंडप सोडून येण्याचे कष्ट घेतले असते का?

सामना संपल्यावर मुख्याध्यापकांच्या खोलीत आकडे काढायचं ठरलं होतं. मी माझ्या शीट घेऊन गेले. आत सचिव, निवड समितीचे दोघे, आणि खुर्चीत कारखानदार, हातात सरबत. समितीतल्या एकांनी माझ्याकडं न बघता सांगितलं, की त्या एका चेंडूबद्दल समितीचं मत वेगळं पडलं आहे, तर तेवढी दुरुस्ती करून सही करा.

"हिट की एरर हे समिती ठरवत नाही," मी म्हटलं. "स्कोअरर ठरवतो. तुमच्याच नियमात आहे."

"नियम आम्हाला शिकवता?"

"हो. कारण तुम्हाला येत नाहीत."

आवाज बाहेर गेला असणार. दारात मुली गोळा झाल्या. त्यातून कारखानदारांची मुलगी पुढं आली. अजून तिच्या गालावर माती होती.

"मॅडम, तो बॉल दगडाला लागला होता. मी शेजारीच होते. मी बघितलंय."

तिचे वडील सरबताचा ग्लास खाली ठेवायला जागा शोधत राहिले. मग म्हणाले, "तुला कुणी विचारलं का? जा, बॅग भर."

"पण पप्पा, खरंच..."

"बेटा, मोठी माणसं बोलतायत," सचिव गोड आवाजात म्हणाले आणि त्यांनी स्वतः उठून दार लावलं.

मी सही केली नाही. शीट टेबलावर ठेवल्या आणि सांगितलं, हे माझं काम, यात एक रेघ इकडची तिकडं झाली तर त्यावर माझं नाव राहणार नाही. त्यांना त्याची काही अडचण नव्हती. मी बाहेर आल्यावर शाळेतल्या एका शिक्षकांना आत बोलावलं गेलं. त्यांना सॉफ्टबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण अक्षर सुरेख होतं. त्यांच्याकडून नवी शीट लिहून घेतली.

पाहुणे आले, गाडी मुरमावरून आली, भाषणं झाली. संघाची यादी वाचली. शॉर्टस्टॉपला कारखानदारांची मुलगी. मोहोळच्या मुलीचं नाव राखीव खेळाडूंतही नव्हतं. मी मंडपात शिरले आणि निवेदकाच्या हातातून माईक घेतला. म्हणाले, "ही यादी माझ्या स्कोअरवरून केलेली नाही. माझ्या स्कोअरमध्ये..." तेवढंच. कुणीतरी वायर काढली. माईक बंद पडल्यावरही मी बोलतच होते. पहिल्या दोन रांगांना ऐकू गेलं असेल. त्यांनी मान फिरवून दुसरीकडं बघितलं. एक बाई शेजारणीला म्हणाली, "हिची मुलगी सिलेक्ट झाली नाही वाटतं."

मला वाटलं होतं, निदान ते मोहोळचे शिक्षक तरी आता समजून घेतील. फाटकाशी ते मुलींना रांगेत उभं करत होते. मी गेले आणि जे झालं ते सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"म्हंजी तिच्या नावावर आता दोन एरर," ते म्हणाले.

"एक खरी, एक यांनी घातलेली."

"आनि त्या पोरीची येक."

"हो."

"मग तुमी पैली सोडली असती, तर ह्यांनी घातलेली धरून बी येकच झाली असती. येकास येक. आनि हिट तर हिच्याच जास्ती." त्यांनी माझ्याकडं सरळ बघितलं. "आमचं लेकरू गेलं असतं म्याडम."

हिशेब बरोबर होता. त्यात एक आकडा चुकीचा नव्हता. मी म्हणू शकले असते, की मग त्यांनी आणखी एखादी एरर शोधली असती. बहुतेक शोधलीच असती. पण ते मला दाखवून देता येत नव्हतं. एवढंच म्हणाले, "सर, तो थ्रो चुकलाच होता."

"व्हय, चुकला व्हता," ते म्हणाले. "चुकला न्हाय आसं मी कुटं म्हनतोय?" आणि मुलींना घेऊन स्टँडकडं चालायला लागले. ती मुलगी माझ्या ओढणीचा तुकडा तोंडाशी धरून गेली.

घरी आल्यावर मी भांडी आपटली, माणसांना बोलले, दुकानातल्या हमालावर विनाकारण ओरडले. सासूबाई देवघरातून म्हणाल्या, "साकु, बिडु." त्यांच्या कानडीत याचा अर्थ, पुरे झालं, सोड. एरवी त्यांच्या 'साकु'नंतर मी गप्प बसते. त्या दिवशी बसले नाही. सगळं पहिल्यापासून सांगितलं, खडा, बर्फ, एरर. सॉफ्टबॉल त्यांना कधी कळला नाही, पण बर्फाचं कळलं. विभूती लावलेलं कपाळ आक्रसलं. म्हणाल्या, "पाहुण्यांचा बर्फ? लेकराच्या तोंडातून रक्त येतंय आणि पाहुण्यांचा बर्फ?" मग बराच वेळ कानडीत त्यांना जे काही म्हणायचं होतं ते म्हणत राहिल्या. त्यातलं अर्धं मला कळलं. ते ऐकून फार बरं वाटलं.

मी वरच्या मंडळींकडं तक्रार केली. चौकशी करतो म्हणाले. विचारायला गेले की ज्यांच्याकडं आहे ते बाहेरगावी असायचे. पुढच्या वर्षीच्या स्पर्धेला मला बोलावणं आलं नाही. सुरेख अक्षराचे शिक्षक आता कायमचे स्कोअरर झालेत. निवड अजून आकड्यांवरच होते, आणि सचिव भाषणात अभिमानानं सांगतात की आमच्याकडं सगळं पारदर्शक आहे. मी सुचवलेली गोष्ट त्यांनी मोडली नाही, वापरली. याचा राग मला त्या एररपेक्षा जास्त आहे. पूर्वी लोक निदान म्हणू शकत होते, की यांनी आपली माणसं घेतली. आता मुलींच्या हातात आकडा देतात. आकड्याशी भांडायचं कसं? त्या वयाच्या मुलीला तर तो खराच वाटतो. ती घरी जाऊन म्हणते, मीच कमी पडले.

कारखानदारांची मुलगी राज्य स्पर्धेत खेळली, चांगली खेळली असं ऐकलं. तिनं जागा सोडायला हवी होती असं एकदोघं म्हणाले. मला ते पटत नाही. मोठ्या माणसांनी केलेली घाण दहावीतल्या मुलीनं का धुवायची? त्या खोलीत तोंड उघडलेली ती एकटी होती.

मी मैदान सोडलं नाही. टेबल नसलं तर नसू दे, प्रेक्षकांत छत्री उघडून बसते आणि माझा माझा स्कोअर लिहिते. सामना संपला की ज्या मुलीला हवा तिला दाखवते. आता काही संघांच्या मुली आपणहून येतात. सचिवांना हे आवडत नाही. एकदा म्हणाले, "तुमची वेगळीच स्पर्धा चालू असते वाटतं." मी म्हटलं, "हो, आणि ती खरी असते."

गेल्या हिवाळ्यात कॉलेजांचे सामने होते. एका संघाच्या दुसऱ्या बेसवर ओळखीचा हात दिसला. तो आवाज, फाट्कन. खालच्या ओठावर आडवी रेघ होती. सामना झाल्यावर ती सरळ माझ्याकडं आली. उंच झाली होती. सोलापुरात हॉस्टेलवर राहते म्हणाली.

"म्याडम, मला तुमचा लई राग आलता."

"कशाचा?"

"पैल्या एररचा. सरांनी आख्ख्या गावात सांगितलं, म्याडमनं घालवलं म्हनून."

"मग?"

"मग काय. थ्रो माजाच वर गेलता. पन राग येतोच की."

"आत्ता आहे?"

तिनं विचार केला. "हाय थोडा."

"असू दे," मी म्हटलं. मलाही तिच्यासमोर उगाच समजूतदारपणाचा आव आणायचा नव्हता. सचिवांबद्दल तिनं एक शिवी दिली, तीही मी ऐकून घेतली.

मग तिनं माझ्या मांडीवरच्या शीटवर मान वाकवली. बोट फिरवत आपलं नाव शोधलं आणि थांबली. शेवटच्या इनिंगमध्ये तिच्या उजवीकडून गेलेल्या चेंडूपुढं मी एरर लिहिली होती.

"ही काय? ही हिट हाय."

"तू चेंडूपर्यंत पोचली होतीस. ग्लोव्हमध्ये आला आणि निसटला."

"पळत जाऊन, आडवा हात टाकून! साधी मेहनत हाय व्हय ती? दुसरी कुनी तितं पोचली बी नसती!"

"तू पोचलीस. उभी होतीस, तोल गेला नव्हता. घ्यायला हवा होता."

"न्हाय म्याडम. हिट. हिट म्हंजी हिट."

मी पुन्हा डोळ्यांसमोर तो चेंडू आणला. तिनं उभ्याउभ्या, ग्लोव्ह घालून, तो कसा आला ते करून दाखवलं. तिच्या संघातल्या दोघी येऊन तिच्या बाजूनं बोलायला लागल्या. मी नियम सांगितला, तिनं तोच नियम उलटा करून मला सांगितला. आवाज चढले. छत्री पडली. बस हॉर्न वाजवायला लागली तरी ती हटेना, आणि मी पेन्सिल खाली ठेवली नाही. शेवटी तिच्या मैत्रिणींनी तिला ओढत नेलं. बसच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून ती ओरडली, "हिट व्हती ती!"

"एरर!" मी खालून ओरडले.